पहिल्या वर्षाची छात्रशिक्षिका वर्गात मागे का बसते?



आपल्या बचत गटांच्या बैठकीत हल्ली एक विषय वरचेवर निघतो. कुणाची लेक तर कुणाची सून डी.एड.ला लागलेली असते. पहिले काही महिने सगळं सुरळीत चालतं. मग एक दिवस ती घरी सांगते, "आता महिनाभर कॉलेजात जायचं नाही, अमुक गावच्या शाळेत जायचंय." घरच्यांना वाटतं, तिथं ही शिकवत नाही, नुसती मागं बसून वहीत काहीतरी लिहिते. मग सोयाबीनची काढणी असली, घरात पाहुणे आले, की पहिला शब्द हाच येतो, "आज नको जाऊ, तसं तुला तिथं काम तरी काय?"

तर तिथं तिला काम काय असतं, हेच आज समजून घेऊ.

आपण ज्याला अजून डी.एड. म्हणतो, त्याचं आताचं नाव डी.एल.एड. बारावीनंतरचा दोन वर्षांचा हा अभ्यासक्रम केला की पहिली ते आठवीच्या मुलांना शिकवण्याची पदविका मिळते. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की पहिली ते पाचवीच्या वर्गांना शिकवण्यासाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही. त्यामुळे लहान मुलांच्या शिक्षकांसाठी या पदविकेचं मोल वाढलं. पदविकेनंतर शिक्षक पात्रता परीक्षा म्हणजे टीईटी असते आणि भरतीचे पुढचे टप्पेही असतात. पण त्या सगळ्याचा पाया या दोन वर्षांत घातला जातो.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ साली ठरवलेल्या निकषांप्रमाणे या दोन वर्षांत वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढायचे असतात. त्यातले चार आठवडे पहिल्या वर्षी आणि सोळा दुसऱ्या वर्षी. याला शालेय आंतरवासिता म्हणतात. म्हणजे शाळेत राहून, शाळेतलं होऊन शिकायचं. पहिल्या वर्षीचे चार आठवडे मुख्यतः वर्ग बघण्यासाठी असतात. वर्ग पूर्ण हातात घेऊन शिकवण्याचं खरं काम दुसऱ्या वर्षी येतं. म्हणून पहिल्या वर्षाची छात्रशिक्षिका मागच्या बाजूला बसलेली दिसली, तर ती रिकामी बसली आहे असं समजू नका. तिचा अभ्यासच तो आहे.

आता हजेरीचा हिशेब बघा. कॉलेजातल्या तासांना ८० टक्के हजेरी लागते, पण शाळेतल्या आंतरवासितेला ९० टक्के लागते. आठवड्याचे सहा दिवस धरले तर चार आठवड्यांचे चोवीस दिवस झाले. त्यात बुडवायला जेमतेम दोन दिवस मिळतात. एक दिवस लग्नाला, एक दिवस शेताला, की मुभा संपली. तिसरा दिवस घरी ठेवली तर तिचं अख्खं वर्ष धोक्यात येऊ शकतं. आपण फी भरली, पुस्तकं घेतली, गटातून कर्ज उचललं. ते सगळं दोन-चार दिवसांच्या कामापायी पणाला लावायचं का, हे घरातल्या मोठ्या माणसांनी एकदा बसून ठरवायला हवं.

मागं बसून ती बघते तरी काय? मी दोन-तीन उदाहरणं देते.

दुसरीतला एक मुलगा धडा घडाघडा म्हणतो. बाई खूश, आईही खूश. पण मधल्या ओळीतल्या एका शब्दावर बोट ठेवून विचारलं, "हा कोणता शब्द?" की पोरगं गप्प. याचा अर्थ त्याला वाचता येत नाही, धडा पाठ झालाय. फळ्याजवळ उभं राहून तीस मुलांना शिकवताना हे चटकन ध्यानात येत नाही. मागं बसून एकेका मुलाकडे बघणारीला ते दिसतं. एकदा दिसलं की पुढं नोकरी लागल्यावर ती प्रत्येक पोराला बोट ठेवून वाचायला लावते.

दुसरं उदाहरण वजाबाकीचं. बेचाळीसातून सतरा वजा करायचे. बरीच मुलं उत्तर लिहितात, पस्तीस. बाई चुकीची खूण करतात आणि पुढं जातात. छात्रशिक्षिकेनं मात्र शोधायचं असतं, पस्तीस आले कुठून? मुलानं दोनातून सात जात नाहीत म्हणून उलटं केलं, सातातून दोन घालवले, पाच लिहिले. मग चारातून एक गेला, तीन लिहिले. म्हणजे पोरगं मठ्ठ नाही, त्यानं स्वतःचा नियम बनवलाय. आता आपण गटात काय करतो? हातात दहाच्या चार नोटा आणि दोन रुपये सुटे आहेत, सतरा द्यायचेत, तर एक नोट मोडतो. सुटे झाले बारा, त्यातले सात दिले, पाच उरले. नोटा उरल्या तीन, त्यातली एक दिली, दोन राहिल्या. झाले पंचवीस. वर्गात नोटांऐवजी ज्वारीच्या धाटांचे तुकडे घ्या, दहा-दहाच्या जुड्या बांधा, एक जुडी मुलाला स्वतःच्या हातानं सोडू द्या. हातचा म्हणजे काय ते त्याला कळतं. आपल्या घरच्या चिंचोक्यांनी, फुटक्या बांगड्यांनी, धाटांनी हे साहित्य तयार होतं. महागड्या तक्त्यांची गरज नसते.

तिसरी गोष्ट भाषेची. आपल्या जिल्ह्यात उमरग्याकडच्या काही घरांत कानडी बोलतात. तांड्यावरच्या घरात गोरमाटी बोलतात. घरी ज्याला 'नीरु' म्हणतात त्याला शाळेत 'पाणी' म्हणायचं, हे सहा वर्षांच्या लेकराला पहिल्या दिवशी कुठून ठाऊक असणार? ते गप्प बसतं आणि मग आपण म्हणतो, याला काही येत नाही. चार आठवड्यांत छात्रशिक्षिकेनं अशा मुलाच्या आईकडून घरातले दहा-वीस शब्द लिहून घेतले, तरी ते मूल बोलायला लागतं. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातल्या मुलांचंही तसंच आहे. हजेरीपटावर नुसती गैरहजेरीची खूण दिसते. त्यामागं कोयता आहे, हे वर्गात आणि गावात वावरल्याशिवाय नव्या शिक्षिकेला कळत नाही.

शिवाय आपल्याकडच्या किती शाळा दोन शिक्षकांच्या आहेत ते तुम्ही जाणताच. शिक्षण हक्क कायद्यानं साठपर्यंत मुलं असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक ठरवून दिलेत. म्हणजे एकाच बाई एका खोलीत पहिली-दुसरी सांभाळतात. एका इयत्तेला लिहायला देऊन दुसरीला गोष्ट सांगायची, मोठ्या मुलाला लहान्याजवळ बसवायचं, खिचडीच्या वेळेआधी वह्या तपासून टाकायच्या. ही हातोटी पुस्तकात वाचून येत नाही. भाकरी थापायला जशी आईशेजारी बसून शिकतो, तशी ती जुन्या बाईंशेजारी बसून शिकावी लागते.

सावित्रीबाई फुले शिकवायला उभ्या राहिल्या, हे आपण दर ३ जानेवारीला सांगतो. पण त्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षणही घेतलं होतं. नगरला फरार बाईंच्या आणि पुण्यात मिचेल बाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्या शिकल्या, हे फारसं सांगितलं जात नाही. शिकवणं हीसुद्धा शिकावी लागणारी विद्या आहे, हे तेव्हाही खरं होतं.

आता दुसरी बाजूही बोलायला हवी. काही ठिकाणी असं होतं, की छात्रशिक्षिका आली म्हणजे शाळेला आयती बाई मिळाली असं धरलं जातं. एक शिक्षक बैठकीला गेले, दुसरे ऑनलाइन माहिती भरायला बसले आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरीच्या हाती पूर्ण वर्ग सोपवला. किंवा तिला दिवसभर रजिस्टरं उतरवायला बसवलं. यात दोघांचंही नुकसान होतं. तिचं बघायचं राहून जातं आणि आपल्या लेकरांना न शिकलेल्या हाताखाली दिवस काढावे लागतात. मुलं आवरत नाहीत म्हणून ती छडी उचलते आणि कायद्यानं तर मुलांना मारायला बंदी आहे. पहिल्या वर्षी तिनं एखादी गोष्ट सांगावी, गाणं घ्यावं, पाठाचं टाचण करून छोटा पाठ घ्यावा, हे चांगलंच. पण तेव्हा वर्गशिक्षक वर्गात हजर असावेत आणि नंतर काय जमलं, काय नाही, हे त्यांनी तिला सांगावं.

इथं आपण काय करू शकतो? शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. म्हणजे गटातल्या कितीतरी बायका त्या समितीत आहेत. गावात छात्रशिक्षिका आल्या की समितीच्या बैठकीत सरळ विचारा, या किती दिवस आहेत, कोणत्या बाईंच्या मार्गदर्शनाखाली आहेत, वर्गात एकट्या असतात का? विचारलं म्हणजे भांडलं असं होत नाही. आपण विचारतो हे कळलं की शाळाही नीट लक्ष देते.

आणि त्या पोरींनाही आपलं म्हणा. परगावाहून येणारीला दुपारी बसायला सावली, प्यायला पाणी आणि जायला स्वच्छतागृह आहे ना, बघा. संध्याकाळची एसटी चुकली तर एखाद्या ताईच्या घरी तिला थांबता यावं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट लागतं, त्यामुळे जाण्यायेण्याचा खर्च थोडा हलका झालाय. तरी महिन्याचा आकडा आधीच मांडा आणि गटाच्या बैठकीत पुढे ठेवा. अशा कामाला अंतर्गत कर्ज द्यायला आपण मागेपुढे पाहू नये.

ज्यांच्या घरात अशी लेक-सून आहे, त्यांनी संध्याकाळी तिला एवढंच विचारा, "आज कोणतं लेकरू बघितलंस? त्याला काय येत नव्हतं आणि का?" तिनं मुलाचं नाव घेऊन नीट सांगितलं, तर समजा तिचा दिवस सार्थकी लागला. तिला सांगता आलं नाही, तर उद्या बघायला तिच्याकडे काहीतरी आहे. म्हणून उद्या तिला घरी ठेवू नका.

 पुढच्या बैठकीत या विषयावर नक्की बोला.