गढूळ पाण्यातला माग

घिवलीच्या खाडीत ओहोटीच्या वेळी हात घालून बघा. कोपर बुडायच्या आत बोटं दिसेनाशी होतात, इतकं ते पाणी गढूळ. मग याच पाण्यात, तेही रात्री, जिताडा नेमका बोईट कसा पकडतो?

जिताडा म्हणजे आपला बास. गोव्यात चोणक, कोलकात्यात भेटकी, ऑस्ट्रेलियात बारामुंडी. टॉर्च मारली तर त्याचे डोळे लालसर चमकतात, कारण डोळ्याच्या आतल्या बाजूला प्रकाश परतवणारा थर असतो. पण खरी कमाल त्याच्या कुशीवर आहे. कल्ल्यापासून निघालेली एक बारीक रेघ पार शेपटीच्या परावर जाते. त्या रेघेत केसाळ पेशी असतात, आपल्या कानात आवाज टिपतात त्याच जातीच्या. पाणी जरा हललं की त्यांना कळतं.

आणि पोहणारा मासा पाणी हलवतोच. शेपटी डावीकडे मारली की एक भोवरा, उजवीकडे मारली की दुसरा. ओल्या वाळूवर चालणाऱ्याची डावी-उजवी पावलं उमटावीत, तसा हा माग पाण्यात मागे राहतो. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पूर्ण अंधारात कॅटफिश आणि गप्पी एकत्र सोडले होते. हो, डासांच्या अळ्या खायला आपण सोडतो तेच गप्पी. गप्पी ज्या वाटेने गेले, त्याच वाटेने कॅटफिश मागोमाग गेले. काही माग तर दहा सेकंद जुने होते!

आता स्विमबेटची गंमत कळेल. कॅलिफोर्नियातल्या तलावांत हौशी गळकऱ्यांसाठी ट्राउट सोडत. तिथले बास (जिताड्याहून वेगळे मासे) ते खाऊन अवाढव्य झाले. मग लोकांनी ट्राउटएवढीच, आठ-आठ इंचांची खोटी मासळी बनवली; तेच स्विमबेट. तिथलं पाणी स्वच्छ, म्हणून खवल्यान्‌खवला रंगवलेला. आपल्या खाडीत त्या रंगकामावर पैसे घालवू नका. इथे शेपूट बघा: जाड, मऊ, टोकाला चपटी. सावकाश ओढली तरी ती डावी-उजवी हलली पाहिजे. तीच तर बोईटाची पावलं उमटवते.

हे धूड शंभर ग्रॅमच्या पुढे जातं. नेहमीच्या पंधरा-वीस ग्रॅमच्या लूरचा रॉड त्याला पुरत नाही. साडेसात-आठ फुटी हेवी रॉड हवा, आणि तेवढं वजन तो पेलतो असं त्यावर छापलेलं हवं. मनगटाने झटका देऊ नका; दोन्ही हातांनी, संथ, मोठ्या फेऱ्याने फेका. रॉडच वाकून वजन भिरकावतो. दोरी पन्नास-पासष्ट पौंडांची ब्रेड, आणि पुढे साठ पौंडांचा जाड लीडर. तो का? जिताड्याच्या गालफडाची कड करवती असते, बारीक दोरी सपकन कापते.

उधाणाचं पाणी ओसरताना छोट्या ओहळांच्या तोंडाशी लूर टाका. बारीक मासळी तिथूनच बाहेर पडते आणि जिताडा तिथेच दबा धरून असतो. रील हळू फिरवा, मध्येच थांबवा. तो चावत नाही, ओढून घेतो: जबडा एकदम फाकतो, तोंडात पोकळी होते आणि पाण्यासकट मासा आत जातो. पापणी लवायच्या आत! वर 'भप्प' असा आवाज येतो. तेव्हा लगेच हिसका देऊ नका, दोरीला ओझं जाणवू द्या.

एवढ्या मोठ्या आमिषाला बहुधा मोठाच मासा येतो, आणि मोठा जिताडा जवळपास नेहमी मादीच असते. का? जिताडा सहसा नर म्हणून प्रौढ होतो आणि काही वर्षांनी त्याचीच मादी होते! तोच मासा, तेच शरीर. अशी एक थोराड मादी पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी लाखो अंडी सोडते.

पोटासाठी जाळं टाकणाऱ्याला मी काही सांगणार नाही. पण तुम्ही हौसेने जात असाल तर गळाचे काटे पकडीने आधीच दाबून टाका. मीटरभराची मादी लागली तर तिला जबड्याने लटकवू नका. पोटाखाली हात धरून पाण्यातच गळ काढा आणि सोडून द्या.