१४ ऑगस्ट आणि १० ऑक्टोबर

वाणगाव स्थानकावर उतरून पश्चिमेची वाट धरली, तर वाड्या ओलांडीत मनुष्य समुद्राकडे जातो. पूर्वेकडे वळले, तर जमीन चढू लागते आणि वारल्यांचे पाडे सुरू होतात. दुसऱ्या महायुद्धाच्या आणि त्याला लागून आलेल्या काळाची स्मृतीही या मुलखात अशीच दुभंगलेली आहे. किनाऱ्याला १४ ऑगस्ट १९४२ आठवतो, डोंगराला १० ऑक्टोबर १९४५. दोन्ही दिवशी त्याच सरकारच्या पोलिसांच्या गोळ्यांनी पाच-पाच माणसे पडली. तथापि एका बाजूच्या कथनात दुसऱ्या बाजूचे हुतात्मे क्वचितच येतात.

‘चले जाव’च्या घोषणेनंतर सहाव्याच दिवशी पालघरच्या कचेरीवर चालून गेलेल्या जमावात सातपाटीचे काशिनाथ पागधरे होते, नांदगावचे गोविंद ठाकूर होते. पालघरच्या हुतात्मा स्तंभापाशी दर वर्षी त्यांच्यासह पाचही हुतात्म्यांना मानवंदना मिळते, आणि शाळकरी मुलांना ही हकिकत राष्ट्राच्या इतिहासाचा भाग म्हणून सांगितली जाते.

डोंगरातील हकिकतीचा आरंभ ब्रिटिशांपासून होत नाही. तो सावकाराच्या ओटीपासून होतो. लग्नासाठी काढलेल्या थोड्याशा कर्जापायी नवरा-बायको दोघेही जमीनदाराच्या घरी राबत; अशा माणसाला लग्नगडी म्हणत. वेठबिगारीचे आणि मारहाणीचे हे वास्तव सिमिंग्टन या सरकारी अधिकाऱ्याने १९३९ च्या अहवालात नमूद केले होते, पण अहवाल दप्तरात राहिला आणि वेठ चालूच राहिली. २३ मे १९४५ रोजी झरी येथे किसान सभेच्या परिषदेत कम्युनिस्ट कार्यकर्ते शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या साक्षीने वारल्यांनी वेठ नाकारली. पुढे गवतकापणीच्या हंगामात त्यांनी पाचशे रत्तल गवताला अडीच रुपये मागितले. हे गवत मुंबईच्या तबेल्यांकडे जाई, त्यामुळे काम अडताच जमीनदार व व्यापारी सरकारदरबारी धावले. गोदावरीबाई येणार आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे, अशी खोटी वार्ता पसरली. लोक लाठ्या घेऊन तलवाड्याला लोटले, आणि १० ऑक्टोबरला त्यांच्यावर पोलिसांचा गोळीबार झाला.

या दोन स्मृतींमधला विरोध युद्धानेच निर्माण केला. १९४० साली युद्धविरोधी प्रचाराबद्दल परुळेकर दांपत्य तुरुंगात गेले होते. परंतु रशियावर जर्मनीची स्वारी झाल्यानंतर कम्युनिस्ट पक्षाने युद्धाला लोकयुद्ध मानले, आणि बेचाळीसच्या लढ्यापासून तो दूर राहिला. काँग्रेसच्या कार्यकर्त्यांच्या मनात हा सल कायम राहिला. उलट, वारल्याच्या मनात दुसरा सल होता: १९४६ साली काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले, तरी लाल बावट्यावरील दडपशाही थांबली नाही. एका घरातल्या नातवाला आजोबांनी सांगितले की कम्युनिस्टांनी ऐन वेळी पाठ फिरवली. दुसऱ्या घरातल्या नातवाला आजीने सांगितले की गोदाराणी आली नसती तर आपण अजून वेठीला असतो. दोघांनीही खोटे सांगितलेले नाही. मात्र माझ्या मते, वेठ मोडणे हे स्वातंत्र्यलढ्याच्या बाहेरचे प्रकरण मानण्यात किनाऱ्याच्या कथनाने डोंगरावर मोठा अन्याय केला आहे. ज्याला स्वतःच्या श्रमावर हक्क नव्हता, त्याचा परकीय सत्तेशी पहिला सामना जमीनदाराच्या वाड्यापुढेच होणार होता.

स्मृती टिकण्याची साधनेही सारखी नव्हती. किनाऱ्यापाशी शाळा होत्या, छापखाने जवळ होते, नोंदी ठेवणारी माणसे होती. पाड्यांत लिहिणारा हात नव्हता. तिथे शेकोटीभोवतीची वडीलधाऱ्यांची गोष्ट आणि दर १० ऑक्टोबरची सभा यांवर सारा भार पडला. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ १९७० साली प्रसिद्ध केले, तेव्हा तलवाड्याला पाव शतक लोटले होते. म्हणूनच पालघरच्या पाचही हुतात्म्यांची नावे गावांसह सांगता येतात. तलवाड्याच्या मुद्रित वृत्तांतांत मात्र बहुधा जेठ्या गांगड हे एकच नाव येते, आणि पुढे लिहिलेले असते, ‘व इतर चार’. त्या चौघांची नावे, पाडे आणि त्यांची घरची माणसे यांची नोंद करण्याचे काम आता वाणगाव, डहाणू, तलासरीच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या वारली मुलामुलींनी हाती घ्यावे, आणि किनाऱ्यावरच्या सोबत्यांनी त्यांच्याबरोबर पाड्यांवर जावे.