पुरलेलं कुठे आहे, हे कोणाकोणाला ठाऊक होतं?



बीबीत रहस्यकादंबरीवर बोलायचं ठरलं तेव्हा काही जणांनी आम्हाला विचारलं, ‘सर, तुमचा विषय तत्त्वज्ञान. हे खूनबिन मधेच कुठून काढलं?’ प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर व्याख्यान संपेपर्यंत मिळावं, अशी आमची खटपट राहील.

सध्या एका जातीची कादंबरी जगभर फार वाचली जाते. माणूस पुष्कळ वर्षांनी गावी परततो. निमित्त मयताचं असतं, नाहीतर घर विकायचं. कुठेतरी पाया खोदतात, विहीर उपसतात, जुनी पेटी उघडतात, आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मिटलेलं प्रकरण पुन्हा वर येतं. आमची पिढी बाबूराव अर्नाळकर वाचत वाढली. त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंझार आणि काळा पहाड यांच्यापायी आम्ही अभ्यासाच्या पुस्तकात ती पुस्तकं लपवली आहेत. तिथे मुख्य प्रश्न असायचा, गुन्हेगार कोण? तो सापडला की पुस्तक मिटायचं. या नव्या कादंबऱ्यांचा प्रश्न निराळा आहे. त्या विचारतात, हे कोणाकोणाला ठाऊक होतं? आमच्या मते सगळा फरक या एका प्रश्नात आहे.

तो नीट कळावा म्हणून आधी एक भेद करू. पुरलेलं सगळंच गुपित नसतं. २०२४ साली इथून जवळच, सिंदखेडराजाला लखुजीराजे जाधवांच्या समाधीच्या परिसरात पुरातत्त्व खात्याचं काम चाललं होतं. त्यात जमिनीखालून शेषशायी विष्णूची सुंदर मूर्ती निघाली. आपण सगळे हरखलो. पण ती मूर्ती अलीकडे कोणी आपल्यापासून लपवत नव्हतं. काळाच्या ओघात ती गाडली गेली, एवढंच. तिला शोध म्हणायचं. लोणारचं विवर घ्या. ते ज्वालामुखीचं की उल्केचं, हा वाद दीडशे वर्षं चालला. १९७०च्या दशकात तिथल्या खडकांच्या अभ्यासातून उल्कापाताची बाजू पक्की झाली. तेही गुपित नव्हतं, गूढ होतं. निसर्ग काही लपवत नाही. आपल्याला वाचता येत नाही, इतकंच.

आता त्याच लोणारची आपली जुनी कथा बघा. लवणासुर जमिनीखाली लपून बसलेला. विष्णूने देखण्या तरुणाचं रूप घेतलं, त्याच्या बहिणींना भुलवलं आणि भावाची जागा काढून घेतली. मग झाकण उडवून त्याला मारलं. बघा, खड्डा तोच, पण लोकांनी त्यात दोन बहिणी आणून बसवल्या. म्हणजे आपल्या लोकांना एक गोष्ट पक्की समजली होती. जमिनीखाली काय आहे, यापेक्षा ते जमिनीवर कोणाला माहीत आहे, यात गोष्ट असते. गुपिताला राखणदार लागतो. राखणदार नसेल तर तो नुसता खड्डा.

गुपित म्हणजे अज्ञान नव्हे. ज्ञानाची वाटणी विषम झाली की गुपित तयार होतं. काहींना ठाऊक असतं, काहींना नसतं, आणि ज्यांना ठाऊक नसतं त्यांचंच बहुधा नुकसान होतं. महाभारतात कर्णाचा जन्म हे असंच गुपित. कुंतीला ठाऊक, कृष्णाला ठाऊक, भीष्माला ठाऊक, युद्धाआधी खुद्द कर्णालाही ठाऊक. ठाऊक नव्हतं ते पांडवांना, ज्यांनी त्याला मारलं. युद्ध संपल्यावर मेलेल्यांना पाणी द्यायची वेळ आली, तेव्हा कुंतीने तोंड उघडलं, कारण कर्णालाही पाणी द्यायला हवं होतं. युधिष्ठिराने रागाच्या भरात समस्त स्त्रियांना शाप दिला की त्यांच्या पोटात गुपित राहणार नाही. कृष्णाला आणि भीष्माला शाप नाही! हा अन्याय लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता तत्त्वज्ञान. आपल्या मीमांसकांनी ज्ञानाची साधनं मोजताना दोन फार मजेशीर साधनं सांगितली. एक अर्थापत्ती. देवदत्त दिवसा जेवत नाही, तरी तो धष्टपुष्ट आहे. म्हणजे तो रात्री जेवत असला पाहिजे. दोन गोष्टींचा मेळ बसत नाही, म्हणून तिसरी मानावी लागते. दुसरं अनुपलब्धी. टेबलावर घागर नाही, हे आपल्याला कसं कळतं? असती तर दिसली असती, दिसत नाही, म्हणून नाही. कुमारिल भट्टांच्या परंपरेने आणि अद्वैत वेदान्त्यांनी ही दोन्ही स्वतंत्र प्रमाणं मानली. नैयायिकांना ते पटलं नाही, तो वाद आज नको. शेरलॉक होम्सच्या एका कथेत रात्री घोडा चोरीला जातो आणि कुत्रा भुंकत नाही. होम्स त्या न भुंकण्यावरून ओळखतो की येणारा माणूस कुत्र्याच्या ओळखीचा होता. ही झाली अनुपलब्धी आणि तिच्या खांद्यावर उभी अर्थापत्ती.

पुरलेल्या गुपिताची चांगली कादंबरी या दोन प्रमाणांवर चालते. ऑस्ट्रेलियातल्या जेन हार्पर यांची ‘द ड्राय’ ही २०१६ची कादंबरी आपल्या भागातल्या माणसाने जरूर वाचावी. दुष्काळाने पिचलेलं शेतकऱ्यांचं गाव आहे. एका शेतकऱ्याने बायको आणि मुलाला मारून स्वतःला संपवलं, असं सगळे धरून चाललेत. त्याचा बालमित्र आता शहरात पोलीस खात्यात आहे. त्याला मयताच्या बापाची चिठ्ठी येते: ल्यूक खोटं बोलला होता, तूही खोटं बोलला होतास, मयताला ये. वीस वर्षांपूर्वी त्यांच्या ओळखीची एक मुलगी नदीत बुडून मेली, तेव्हा या दोघांनी एकमेकांची खोटी साक्ष दिली होती. आता ती नदीही आटली आहे. शेवट आम्ही सांगणार नाही. पण वाचताना बघा, प्रत्येक पानावर कोणीतरी काहीतरी सांगायचं टाळतं, आणि त्या टाळण्यातूनच आपल्याला कळत जातं. मराठीत हृषीकेश गुप्ते यांच्या ‘दंशकाल’मध्ये हेच काम वाडा आणि कुटुंब करतं.

आणि गुन्हेगाराचं नाव लपवल्याशिवाय उत्कंठा राहत नाही, हाही भ्रम आहे. निशिकांत कामत यांचा २०१५चा ‘दृश्यम’ आठवा. कोणी मारलं, हे आपल्याला आधीच माहीत असतं. तरी आपण खुर्चीला खिळतो, कारण आता आपणही राखणदार झालेलो असतो.

म्हणून चांगल्या-वाईटाची आमची कसोटी साधी आहे. पात्र गप्प बसलं तर त्याला कारण हवं: भीती, प्रेम, अब्रू, जमीन. पात्राला कारण नसताना नुसता लेखकच आपल्यापासून लपवत असेल, तर ती फसवणूक. असं पुस्तक दुसऱ्यांदा वाचवत नाही. चांगलं पुस्तक दुसऱ्या वाचनात अधिक दुखतं, कारण आता प्रत्येक गप्प बसण्याचा अर्थ कळतो.

‘या सगळ्या कल्पनेतल्या गोष्टी,’ असं कोणी म्हणेल. तसं नाही. पलीकडच्या परभणी जिल्ह्यात मानवतला १९७२ ते १९७४ या काळात मुलींचे आणि बायकांचे खून होत राहिले. तपासात गुप्तधन आणि संतानप्राप्ती यांच्या नावाने चाललेला अघोरी प्रकार पुढे आला. मुंबईहून रमाकांत कुलकर्णी तपासाला आले. त्यावर १९८१ साली अमोल पालेकरांचा ‘आक्रीत’ आला, पटकथा विजय तेंडुलकरांची. २०२४ साली मालिकाही आली. इतकी वर्षं त्या प्रकरणाकडे आपण परत परत का जातो? खुनी कोण, हे कुतूहल केव्हाच शमलं. आपल्याला छळतो तो दुसराच प्रश्न. एकामागून एक मुली जात होत्या, तेव्हा कोणाला काय ठाऊक होतं? सोन्याचा हंडा खरा नव्हता, पण त्याच्यासाठी गेलेले जीव खरे होते. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुप्तधनाच्या नावाखालचे असले अमानुष प्रकार गुन्ह्यात घेतले. पण कायदा कृत्य पकडतो. शेजाऱ्याचं गप्प बसणं बहुतेक वेळा त्याच्या हाताला लागत नाही. तिथे कादंबरी पोचते.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर. थोडं घरचं आहे, पण त्याशिवाय आमचं म्हणणं पुरं होणार नाही.

आमच्या घरी अक्षय तृतीयेला पितरांच्या नावाने घागरी भरत. आजी एकेक घागर मांडायची आणि एकेक नाव घ्यायची. घागरी पाच असायच्या आणि नावं चार. लहानपणी आम्ही एकदा विचारलं, ‘आजी, ही पाचवी कोणाची?’ ती म्हणाली, ‘असते एक.’ विषय संपला. पुढे आम्ही वर्षानुवर्षं वर्गात अर्थापत्ती शिकवली. देवदत्ताचं उदाहरण देऊन देऊन फळा झिजवला. चार नावं आणि पाच घागरी, यांचा मेळ बसत नाही, म्हणून पाचवं माणूस मानलं पाहिजे, हे काही आम्हाला सुचलं नाही असं नव्हे. सुचलं होतं. विचारलं नाही.

आजी गेल्यावर पुष्कळ वर्षांनी एका म्हाताऱ्या चुलत्यांनी सांगितलं. आमच्या वडिलांना एक थोरली बहीण होती. सासरहून दोनदा पळून आली, दोन्ही वेळा घरच्यांनी तिला परत पोचवलं. तिसऱ्या वेळी ती आली नाही, निरोप आला. विहीर. पाय घसरला म्हणे. हे आजोबांना ठाऊक होतं, काकांना ठाऊक होतं, आमच्या वडिलांनाही ठाऊक होतं. पुरुषमाणसं सगळं पचवून बसली. दरवर्षी गाजावाजा न करता तिला पाणी देत राहिली ती एकटी आजी. आम्ही चुलत्यांना आत्याचं नाव विचारलं. त्यांना ते आठवेना. आता ते सांगू शकेल असं कोणी उरलेलं नाही.

कादंबरीत शेवटच्या प्रकरणात सगळं उलगडतं. घरात तसं होईलच असं नाही. राखणदार मेला की गुपिताचं पुन्हा गूढ होतं, आणि मग खोदून काही उपयोग नसतो. सगळंच चव्हाट्यावर आणावं, असं आमचं म्हणणं नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं रक्षण करणारं मौनही असतं, त्याला हात लावू नये. पण अन्याय करणाऱ्याचं रक्षण करणारं मौन असेल, तर ते ओळखता आलं पाहिजे. कोणाच्या मौनाची किंमत कोण मोजतंय, एवढं विचारलं तरी ते ओळखू येतं. युधिष्ठिराने ते विचारलं नाही, म्हणून त्याचा शाप चुकीच्या पत्त्यावर गेला.

अशा कादंबऱ्या वेळ घालवायला वाचतात, असं लोक म्हणतात. घालवा वेळ, हरकत नाही. पण पुस्तक मिटल्यावर घरात एखादं म्हातारं माणूस असेल तर त्याच्याजवळ जाऊन बसा. जुना फोटो काढा, घागरी मोजा, नावं विचारा.

आता तुमचे प्रश्न घेऊ. मागच्या बाकावरून सुरुवात करू या. तिथली मंडळी मघापासून गप्प आहेत.