वॉलपेपर किती घ्यावा? हिशेब चौरस फुटांचा नव्हे, पट्ट्यांचा

ईद किंवा लग्नकार्य जवळ आले की घराची रंगरंगोटी निघते. पूर्वी चुना किंवा डिस्टेंपर मारला की काम संपत असे. आता मिरजेतही दिवाणखान्याला वॉलपेपर लावण्याची हौस दिसू लागली आहे. आमचा धंदा कापडाचा, परंतु पडद्याचे कापड घ्यायला येणारी गिऱ्हाइके वॉलपेपरचाही हिशेब विचारतात. दोन्हींचे गणित एकच आहे : ठरावीक पन्ह्याचा माल लांबीत कापायचा असतो.

बाजारातील नेहमीचा रोल ५३ सेंटिमीटर पन्ह्याचा आणि सुमारे १० मीटर लांबीचा असतो. आपल्या सुताराच्या मापात २१ इंच बाय ३३ फूट, म्हणजे जवळपास ५७ चौरस फूट. बहुतेक लोक भिंतींचे क्षेत्रफळ काढतात, दारे-खिडक्या वजा करतात आणि ५७ ने भागतात. फसगत होते ती इथेच.

एका खोलीचा हिशेब

समजा, खोली १२ बाय १० फुटांची आणि उंची ११ फूट आहे. जुन्या बांधणीच्या घरांत एवढी उंची असतेच. चारी भिंतींची लांबी ४४ फूट, क्षेत्रफळ ४८४ चौरस फूट. ७ बाय ३ चे दार आणि ४ बाय ४ ची खिडकी वजा जाता ४४७ उरतात. ५७ ने भागले की उत्तर येते ८ रोल.

आता पट्ट्यांनी मोजू. ४४ फूट म्हणजे ५२८ इंच. २१ ने भागले तर २५ पट्ट्या लागून थोडी भिंत उरते, म्हणून पट्ट्या धरायच्या २६. वर-खाली कापणीसाठी दोन-दोन इंच सोडले की एक पट्टी ११ फूट ४ इंचांची होते. अशा तीन पट्ट्यांना ३४ फूट हवेत आणि रोल आहे ३३ फुटांचा. म्हणजे एका रोलमधून दोनच पट्ट्या, आणि २६ पट्ट्यांना १३ रोल! उरलेले तुकडे दारावर व खिडकीच्या वर-खाली वापरून एखादा रोल वाचेल, पण ८ रोलमध्ये ही खोली होणार नाही.

हीच खोली १० फूट उंच असती तर एका रोलमधून तीन पट्ट्या निघून ९ रोलमध्ये काम झाले असते. एका फुटाने चार रोलांचा फरक पडतो. म्हणून उंची चारी कोपऱ्यांत मोजावी आणि सर्वांत मोठे माप धरावे.

डिझाइनची किंमत

११ फुटांच्या भिंतीला खाली सहा इंचांचे स्कर्टिंग ठेवले तर पट्टी १० फूट १० इंचांची होते आणि रोलमधून तीन निघतात. मात्र हे साध्या कागदाला लागू. मोठ्या फुलांचा कागद असेल तर शेजारच्या पट्टीशी फूल जुळले पाहिजे. डिझाइन दर २१ इंचांनी पुन्हा येत असेल तर १३० इंचांच्या पट्टीसाठी सात डिझाइनांची लांबी, म्हणजे १४७ इंच धरावी लागते. मग पुन्हा दोनच पट्ट्या! हा आकडा लेबलवर छापलेला असतो. तो पाहिल्याशिवाय डिझाइन पसंत करू नये.

लॉट एकच हवा

कापडवाल्यांना हे सांगावे लागत नाही. एकाच रंगाचे दोन ताके वेगळ्या लॉटमध्ये रंगवले तर शेजारी ठेवल्यावर फरक दिसतो. वॉलपेपरचेही तसेच आहे. प्रत्येक रोलवर बॅच नंबर असतो. आठ रोल आणून पाच नंतर मागवले आणि बॅच बदलली, तर भिंतीवर जोड दिसतो. तीच बॅच संपली असेल तर लावलेला कागदही वाया जातो. यासाठी सर्व रोल एकदम घ्यावेत, एक जादा ठेवावा, आणि न फोडलेला रोल परत घेणार का, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावे.

आधी भिंत पाहा

कृष्णाकाठच्या आपल्या भागात २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत अनेक घरांच्या भिंती पाण्यात राहिल्या. जिथे ओल आहे, लोणा फुटतो, तिथे कागद टिकत नाही. तो सुटतो आणि मागे बुरशी धरते. अशा भिंतीला आधी गवंडी दाखवावा. ओल मुरली असेल तर रंगच बरा.

कर्ज काढून, पै-पै जमवून लोक घर सजवतात. त्यांच्यासाठी चार-पाच रोलांची चूक लहान नसते. दुकानात जाण्यापूर्वी टेप घ्या, पट्ट्या मोजा आणि आकडा कागदावर मांडा. दुकानदार बंधूंनाही आमची विनंती आहे : गिऱ्हाइकाला उंची विचारल्याशिवाय रोल देऊ नका. आज त्यांचे पैसे वाचले तर पुढच्या कार्याला ते तुमच्याच दुकानी येतील.