वळण्याचा हिशेब

मुस्तफा बाजारातून लाकडं भरून निघालेली हातगाडी आमच्या घोडपदेवच्या गल्लीत वळताना बघत राहावी. समोर टेम्पो आडवा, बाजूला दुचाक्यांची रांग, मागून टॅक्सीचा हॉर्न. गाडीवाला दांडा बाजूला रेटतो. एक चाक पुढे सरकतं, दुसरं तेवढंच मागे येतं आणि बारा-पंधरा फुटी वाशांसकट गाडी जागच्या जागी फिरते. स्टिअरिंग नाही, रिव्हर्स नाही. हे मी लहानपणापासून पाहत आलोय. गवत कापायचं मशीन निवडताना ते उपयोगी पडेल, असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

माझा गाळा लहान इंजिनांच्या दुरुस्तीचा. पाण्याचे पंप, फवारणीयंत्रं, आणि पावसाळा लागला की बागांचे ठेकेदार घेऊन येतात ते खांद्याला अडकवायचे ग्रासकटर. राणीची बाग चालत जाण्याइतकी जवळ, तरी आमच्या वाट्याचं गवत म्हणजे चाळीच्या पन्हळीत उगवलेलं. त्यामुळे एका विश्वस्त काकांचा फोन आला तेव्हा आधी हसूच आलं. काका मूळचे इथल्याच डी. पी. वाडीतले, आता कर्जतजवळच्या एका संस्थेच्या आवाराचं बघतात. म्हणाले, "अरे, सात एकरांसाठी मशीन घ्यायचंय. ते झिरो टर्न म्हणतात ना, जागेवर फिरणारं. व्हिडिओ आलाय मला. तू एकदा बघून सांग."

मी म्हटलं, "काका, मशीन नंतर. आधी जागा दाखवा."

भायखळ्याला कर्जत लोकल पकडली. पिशवीत शंभर फुटी टेप, पाणसळ, दोरीचा गुंडा. सात एकर म्हणजे २८० गुंठे, पण गवत सात एकर नसतं. इमारती, रस्ता, भाजीचे वाफे, पार्किंग आणि दाट झाडी वजा केल्यावर साडेचार एकर उरले. त्यातला एक एकर ओढ्याकडे उतरणारा. खरा सपाट तुकडा साडेतीन एकरांचा, आणि त्यातही आंब्याची, जांभळाची मिळून एकोणतीस झाडं.

त्या रात्री गाळ्यात बसून हिशेब मांडला. ढकलत न्यायचं २१ इंची मशीन घेतलं, तर पट्ट्यावर पट्टा थोडा चढवावा लागतो, म्हणून कामाची रुंदी धरायची दीड फूट. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. साडेतीन एकर दीड फुटाच्या पट्ट्यांनी संपवायला माळ्याला ३१ किलोमीटर चालावं लागेल. ताशी चार किलोमीटरने पावणेआठ तास, तेही न थांबता. बसून चालवायचं मशीन असेल आणि त्याचा डेक, म्हणजे पाती झाकणारा पत्र्याचा साचा, ४८ इंची असेल, तर अंतर उरतं साडेबारा किलोमीटर. ताशी आठच्या वेगाने, कागदावर, दीड तासाचं काम.

कागदावर, कारण कागदाला झाडं नसतात. माझ्या ओळखीच्या एका ठेकेदाराकडे बसून चालवायचं लॉन ट्रॅक्टर आहे. पुढची चाकं स्टिअरिंगने वळणारं, इंजिन पुढे, डेक पोटाखाली. ते चालताना मी तासभर घड्याळ लावून उभा राहिलो. सरळ पट्ट्यात तक्रार नव्हती. टोकाला आलं की वळण मोठं, म्हणून पुढे-मागे करावं लागे. झाडापाशी त्याला बुंध्याला धरून फिरताच येईना. बुंध्यामागे गवताची झालर राहायची आणि ती काढायला मागून ग्रासकटरवाला यायचा. कापायला वेळ लागत नव्हता, वळायला लागत होता.

झिरो टर्नमध्ये नेमकं हेच वळण काढून टाकलंय. इंजिन मागे. बेल्टवर चालणारे दोन हायड्रॉलिक पंप, एक डाव्या मागच्या चाकासाठी, एक उजव्या. स्टिअरिंगच्या जागी मांडीसमोर दोन दांडे. डावा पुढे ढकलला की डावं चाक पुढे, मागे ओढला की मागे. दोन्ही समान ढकलले की सरळ, एक पुढे आणि एक मागे केला की मशीन स्वतःभोवती फिरतं. पुढची दोन लहान चाकं ऑफिसच्या खुर्चीच्या चाकांसारखी, नुसती मागून ढकलली जाणारी. गिअर नाही, आणि चालत्या मशीनला पायाचा ब्रेकही नाही. दांडे मधोमध आणले की मशीन थांबतं. अमेरिकेत कॅन्ससच्या जॉन रेजियरने १९६०च्या दशकात ही रचना घडवली. मला त्यात आमच्या गल्लीतली हातगाडीच दिसली, फक्त माणसाच्या खांद्याच्या जागी तेल आलंय.

गवत कापण्याच्या यंत्राशी आमच्या वस्तीचं आणखी एक नातं आहे, ते मला आप्पांनी दाखवलं. आप्पा न्यू हिंद मिलमध्ये होते. कापड विणून झाल्यावर त्यावर उभे राहिलेले सुटे धागे कातरणाऱ्या क्रॉपिंग मशीनवर त्यांची बरीच वर्षं गेली. एकदा एका जिमखान्यातून हाताने ढकलायचं जुनं, रिळाचं मशीन धारेला आलं होतं. रुळावर पीळ दिलेली पाती, खाली एक स्थिर पातं, दोन्हींच्या मधून कागद घातला तर कातरला जावा इतकी फट. आप्पांनी रूळ हाताने फिरवला आणि म्हणाले, "हे तर आमचं क्रॉपिंग. कापडाऐवजी जमिनीवर पालथं घातलंय."

ते बरोबर होते. इंग्लंडमध्ये स्ट्राउडच्या आसपास लोकरीच्या गिरण्या होत्या. तिथल्या एडविन बडिंग नावाच्या कारागिराने कापडावरची लव कातरणारं यंत्र पाहिलं, तीच युक्ती गवताला लावली आणि १८३० साली पेटंट घेतलं. पहिलं मशीन १९ इंची. अगदी सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत लंडनच्या रीजंट्स पार्कमधलं प्राणिसंग्रहालय होतं. क्रिकेटच्या खेळपट्टीवर आजही रीळच चालतं, कारण ते गवत कात्रीसारखं कापतं.

झिरो टर्नचं पातं मात्र कात्री नव्हे. डेकखाली आडवी दोन किंवा तीन पाती भन्नाट फिरतात आणि गवताला झोडपून तोडतात. पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांपलीकडे जाऊ नये, अशी अमेरिकी सुरक्षा मानकाची मर्यादा आहे. तोही ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या घरात जातो. म्हणून सीटखाली एक स्विच असतो. पाती फिरत असताना चालक उठला, तर इंजिन बंद. पुढे कधी कुणी 'सारखं बंद पडतंय' म्हणत हा स्विच वायरने जोडून आणलं, तर मी ते मशीन हातात घेणार नाही, हे काकांना आधीच सांगून टाकलं.

मशीन चालवून बघायला एका विक्रेत्याच्या हिरवळीवर गेलो. पहिल्या पाच मिनिटांत माझा माज उतरला. दांडे एवढे हलके, की बोटभर सरकवले तरी मशीन झटका खायचं. टोकाला आल्यावर मी ऐटीत एक दांडा मधोमध आणला, दुसरा पुढे रेटला. मशीन फिरलं, पण थांबलेलं चाक जागेवर घासून हिरवळ सोललीच. भाकरीएवढं मातीचं टक्कल. नाव झिरो टर्न असलं, तरी एक चाक खिळवून फिरायचं नसतं. दोन्ही चाकं थोडी थोडी फिरती ठेवायची, एक पुढे, एक मागे. हातगाडीवाला दुसरं काय करतो?

मग ढाळाचा प्रश्न. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिका १५ अंशांपलीकडच्या उतारावर झिरो टर्न नेऊ नका म्हणतात. अंश डोळ्यांना कळत नाहीत. दहा फुटी फळी घेतली, एक टोक ढाळावर टेकवलं, पाणसळीने आडवी केली आणि दुसऱ्या टोकापासून जमिनीपर्यंत टेप सोडला. दोन फूट आठ इंच म्हणजे १५ अंश. ओढ्याकडच्या बाजूला टेप साडेतीन फुटांवर टेकला. अशा जागी ओल्या गवतावर मागची चाकं सुटली, तर वळणही गेलं आणि थांबणंही गेलं, कारण दोन्ही कामं त्याच चाकांकडे. काकांना दोरी आखून दिली. दोरीपलीकडे मशीन जाणार नाही, तिथे ग्रासकटर.

"पण एवढं महाग मशीन," काका म्हणाले, "आठ तास लागले तर लागले. माळी आहेतच की."

त्याचं उत्तर तिथल्या माळीमामांनी दिलं. "साहेब, जुलैत आठ तास उघडीप कधी बघितलीत?"

खरी गोष्ट तीच. कर्जतच्या पावसात गवत वाढतं तेव्हाच कापायला मिळत नाही. चिंब गवत डेकखाली गोळे होऊन चिकटतं, भिजल्या मातीत चाकांच्या चाकोऱ्या पडतात. दोन दिवस ऊन पडून जमीन जरा धरते, तेवढ्या दोन-तीन तासांत काम उरकलं नाही तर गवत गुडघ्याला लागतं. मग एका फटक्यात खाली आणावं तर बुडखे उघडे पडून पिवळं होतं. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापू नये, हा बागवानीतला जुना नियम. तो पाळायचा तर उघडीप साधायलाच हवी. वेग हवा होता तो त्यासाठी.

मग निवड सोपी होत गेली. ६० इंची मशीन बाद, कारण जड, आणि ओल्या मातीत जड मशीन रुततं. ५२ इंचीही बाद, कारण ५२ इंच हे डेकचं माप. बाजूने गवत फेकणारा पत्रा धरला की रुंदी पाच फुटांपलीकडे जाते आणि दोन जांभळांमधली मोकळी जागा पाच फुटांचीच. ४८ इंचीत पत्रा वर उचलला की निघतं. डेक पातळ पत्र्याचा दाबून काढलेला नको, जाड पत्र्याचा जोडलेला हवा, कारण आवारात दगड आहेत. टायर रुंद, कमी हवेचे. शेवटी मी मशीनखाली आडवा झालो आणि पात्याच्या स्पिंडलमधल्या बेअरिंगचा नंबर विचारला. ६२०५. आपल्याकडे कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतो. दुसऱ्या एका मशीनचा विक्रेता म्हणाला, "ते पूर्ण असेंब्लीच मागवावं लागेल, दीड महिना धरा." जुलैतला दीड महिना म्हणजे गवत कमरेला. ते मशीन तिथेच सोडलं.

जुलैच्या पहिल्या उघडिपीला माळीमामा बसले. पहिले दोन दिवस त्यांनी पाती बंद ठेवून नुसतं चालवलं होतं, झाडांभोवती आठाचे आकडे काढत. साडेतीन एकरांना पावणेतीन तास लागले. माझ्या कागदावरच्या दीड तासात एकोणतीस झाडं नव्हती. आंब्याभोवती मात्र झालर राहिली नाही.

पंधरा दिवसांनी फोन आला, "कापल्यावर दुसऱ्या दिवशी सगळे शेंडे पांढुरके दिसतात." पातं बोथट झालं की गवत तुटत नाही, फाटतं, आणि फाटका शेंडा वाळतो. मी म्हटलं, पाती काढून पाठवा. दुसऱ्या दिवशी दुपारी माळीमामा स्वतःच कर्जत लोकलने आले. गोणपाटात गुंडाळलेली तीन पाती काखेत, गल्लीच्या तोंडाशी हातगाडीला वाट देत उभे.

धार काढली. मग भिंतीतल्या खिळ्यावर पातं मधल्या भोकात अडकवलं. डावी बाजू खाली झुकली. तिथली कड चिमूटभर घासली, पुन्हा अडकवलं. आता ते आडवं, स्थिर राहिलं. माळीमामांनी बोटाने हलकेच ढकलून पाहिलं आणि दुसरं पातं पुढे केलं.