बालकांचे यकृत आणि पहिले चोवीस तास

हिपॅटायटिस-बी विषाणूचा संसर्ग कोणत्या वयात होतो, यावर रोगाची पुढील वाटचाल ठरते. जन्मसमयी मातेकडून संसर्ग झालेल्या सुमारे ९० टक्के बालकांमध्ये तो दीर्घकालीन स्वरूप धारण करतो. प्रौढांमध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी आहे. सहा महिन्यांनंतरही टिकून राहणाऱ्या संसर्गास दीर्घकालीन म्हटले जाते.

यकृतातील बदल

नवजात बालकाची प्रतिकारशक्ती या विषाणूचा प्रतिकार करीत नाही. त्यामुळे रक्तात विषाणूंची संख्या प्रचंड असूनही पेशींचा नाश अल्प होतो आणि मूल निरोगी दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र यकृताच्या काही पेशी घासलेल्या काचेप्रमाणे धूसर दिसतात. कारण त्यांत विषाणूचे प्रथिन साठलेले असते. पुढे प्रतिकारशक्ती जागृत झाली की दाह सुरू होतो आणि तो वारंवार झाल्यास नष्ट पेशींच्या जागी तंतुमय ऊती वाढतात. मेटाव्हिर मापनपद्धतीत या तंतुमयतेच्या एफ-० ते एफ-४ अशा पायऱ्या असून एफ-४ म्हणजे सिऱ्हॉसिस होय. बहुसंख्य मुलांत हे बदल सौम्य असतात. गंभीर परिणाम प्रायः ऐन कमावत्या वयात प्रकट होतात व कुटुंबाचा आर्थिक कणा मोडतात. उपलब्ध औषधे विषाणूस दाबून ठेवतात. त्याचे समूळ उच्चाटन क्वचितच होते.

लसीकरणाचा अनुभव

तैवानने १९८४ मध्ये नवजात बालकांचे लसीकरण सुरू केले. तेथे ६ ते १४ वयोगटातील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण दर लाखास ०.७० वरून १९९०-९४ या काळात ०.३६ वर आले.

भारतात हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये स्वदेशी लस बाजारात आणल्याने किमती उतरल्या. सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात ही लस २००२-०३ मध्ये प्रायोगिक स्वरूपात, २००७-०८ मध्ये महाराष्ट्र व तामिळनाडूसह दहा राज्यांत आणि २०११-१२ पासून देशभर समाविष्ट झाली. पेंटाव्हॅलंट लसीचा प्रारंभ डिसेंबर २०११ मध्ये तामिळनाडू व केरळ येथे झाला.

खरा प्रश्न

कुंभकोणमजवळच्या आडुतुरैसारख्या गावातील बालकास पेंटाव्हॅलंट लस सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात मिळते. परंतु मातेकडून होणारा संसर्ग रोखण्यासाठी जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यावयाची मात्रा निर्णायक ठरते; सहा आठवड्यांनी दिलेली लस तिची जागा घेऊ शकत नाही. दहा मात्रांची कुपी एका बालकासाठी उघडल्यास उर्वरित नऊ वाया जातील, या भीतीने ती लांबणीवर पडू शकते. वास्तविक उघडलेली कुपी योग्य तापमानात ठेवल्यास, विहित अटींच्या अधीन राहून, २८ दिवसांपर्यंत वापरता येते. शिवाय वाया गेलेल्या नऊ मात्रांची किंमत एका रुग्णाच्या आयुष्यभराच्या उपचारांपुढे नगण्यच ठरते.

२८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाने मोफत निदान व उपचारांची सोय केली. तथापि उपचारांची गरजच उरू नये, हे साध्य करण्याचे सामर्थ्य प्रसूतिगृहातील त्या पहिल्या मात्रेत आहे.