जुना लॅपटॉप आणि गावाचे मराठी दप्तर

डहाणूचा समुद्रकिनारा आणि चिकूच्या वाड्या मागे टाकून पूर्वेकडे निघाले की डोंगरउताराचा, वनांचा व विखुरलेल्या पाड्यांचा प्रदेश सुरू होतो. उत्तरेस तलासरी तालुका गुजरात राज्याच्या सीमेला भिडतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि हे दोन्ही तालुके त्यात समाविष्ट झाले. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. साहजिकच येथील ग्रामसभेच्या शब्दाला विशेष वजन आहे आणि तो शब्द मराठीत लिहिला जातो.

ग्रामपंचायतीचे कार्यालय असो, जिल्हा परिषदेची शाळा असो की आश्रमशाळा असो, हे लेखन आज बहुधा संगणकावर होते. परंतु प्रत्येक ठिकाणी नवे यंत्र असतेच असे नाही. आठ-दहा वर्षांपूर्वी मिळालेला लॅपटॉप सुरू होण्यास वेळ घेतो, मध्येच अडखळतो आणि अखेर कपाटात जातो. वास्तविक, पत्र, अहवाल, इतिवृत्त किंवा प्रश्नपत्रिका लिहिण्याच्या कामासाठी अशी यंत्रे पुष्कळदा पुरेशी असतात. प्रश्न असतो तो त्यांवर कोणते लेखन-सॉफ्टवेअर घालावे याचा.

निवड का महत्त्वाची?

वनहक्कांचे उदाहरण घेतले म्हणजे या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी येईल. २००६ च्या वनहक्क अधिनियमानुसार दाव्यांची सुरुवात ग्रामसभेपासून होते. ग्रामसभा दावे स्वीकारते, त्यांची पडताळणी करते आणि ठराव करून ते उपविभागीय समितीकडे पाठविते. ग्रामसभेचा ठराव ज्यास मान्य नसेल, त्यास ठरावाच्या दिनांकापासून साठ दिवसांच्या आत उपविभागीय समितीकडे दाद मागता येते. स्वाक्षऱ्यांची नोंदवही हाच मूळ पुरावा असला, तरी प्रती, सोबतची पत्रे, याद्या आणि पुढील पत्रव्यवहार संगणकावरच तयार होतो. अशा वेळी एखादी फाइल उघडली आणि मराठी मजकुराऐवजी रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसली, तर साठांपैकी किती दिवस वाया जातील याची कल्पना करता येते.

म्हणून सॉफ्टवेअर निवडताना त्याचे देखणे रूप किंवा त्यातील सोयींची संख्या ही पहिली कसोटी नव्हे. त्यावर लिहिलेली मराठी दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या कार्यालयात आणि दहा वर्षांनंतरही वाचता येईल काय, ही पहिली कसोटी होय. यंत्राची कुवत ही दुसरी आणि खर्च ही तिसरी.

अक्षराचा क्रमांक

१९९० च्या दशकात श्री-लिपी, आकृती यांसारख्या संचांनी मराठी मुद्रणाची मोठी सेवा केली. मात्र त्या काळच्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवरच देवनागरीची वळणे बसविलेली असत. पडद्यावर ‘क’ दिसला, तरी संगणकाच्या स्मृतीत एखादे रोमन चिन्ह साठविलेले असे. तोच फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल गेली की मुखवटा गळून पडे. अशा मजकुरात शोध घेता येत नाही आणि तो शासकीय संकेतस्थळांवरील अर्जांतही भरता येत नाही.

१९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीचा समावेश होता. या पद्धतीत प्रत्येक अक्षराला जगभर एकच स्वतंत्र क्रमांक असतो. फॉन्ट बदलला तर केवळ वळण बदलते, अक्षर बदलत नाही. वर उल्लेखिलेल्या प्रकारच्या संचांच्या पुढील आवृत्त्यांतही युनिकोडची सोय झाली. तेव्हा कोणतेही सॉफ्टवेअर वापरले तरी लेखन युनिकोडमध्येच करावे, हा पहिला नियम समजावा. शिक्षकांना तर त्याचे महत्त्व अधिक आहे. वारली बोलीतील गोष्टी व शब्दसंग्रह देवनागरीत टिपून ठेवावयाचे असतील, तर ते युनिकोडमध्येच टिकतील.

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’

निवडलेले सॉफ्टवेअर मराठी नीट दाखविते की नाही, याची परीक्षा दोन मिनिटांत घेता येते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द लिहून पाहावेत. पहिला डहाणूच्या पश्चिमेस आहे, दुसऱ्या पूर्वेस आहेत. दोन्ही शब्द पडद्यावर सारखेच दिसू लागले किंवा ‘ऱ्या’ मोडून दिसला, तर ते सॉफ्टवेअर किंवा तो फॉन्ट मराठीच्या कामाचा नाही. ‘ॲ’ या अक्षराचीही चाचणी घ्यावी. ते युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्यामुळे फार जुन्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी रिकामी चौकट दिसू शकते.

फॉन्टसाठी पैसे मोजण्याचे कारण नाही. राज्य मराठी विकास संस्थेने यशोमुद्रा व यशोवेणू हे युनिकोड फॉन्ट उपलब्ध करून दिले आहेत. मुक्त परवान्याचा ‘मुक्ता’ हा फॉन्टही विनामूल्य मिळतो.

टंकलेखन यंत्रावर हात बसलेल्या कर्मचाऱ्यांना कळफलकाची धास्ती वाटते. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट हा प्रमाणित मराठी कळफलक असतोच. २०१९ पासून विंडोज १० मध्ये उच्चारानुसारी कळफलकही देण्यात आला. टंकलेखन यंत्राच्या मांडणीचे कळफलकही युनिकोडसाठी मिळतात. म्हणजे हाताची सवय कायम ठेवून जुना फॉन्ट सोडता येतो.

यंत्राची कुवत ओळखावी

लॅपटॉपमधील कार्यस्मृती, म्हणजे रॅम, किती आहे आणि त्यावर कोणती कार्यप्रणाली आहे, या दोन गोष्टी आधी पाहाव्यात. विंडोज ७ ची सुरक्षाविषयक दुरुस्ती जानेवारी २०२० मध्ये थांबली. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅमबरोबरच टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते. अनेक जुन्या यंत्रांना ही अट पूर्ण करता येत नाही.

लिबरऑफिस हा मुक्त व विनामूल्य संच बहुतेक ठिकाणी योग्य ठरावा. ओपनऑफिसच्या आधारावर २०१० साली त्याचे काम सुरू झाले. त्यातील ‘रायटर’ या भागात पत्रे, तक्ते व अहवाल करता येतात आणि वर्डच्या फाइली उघडतात. मेनूही मराठीत घेता येतात. २ जीबी रॅमच्या यंत्रावर तो चालतो. ४ जीबी असल्यास काम सुखाने होते. मात्र ऑगस्ट २०२५ मधील २५.८ या आवृत्तीपासून तो विंडोज ७ व ८ वर चालत नाही. अशा यंत्रांवर २५.२ ही त्याआधीची आवृत्ती घालावी. पहिल्यांदा सुरू केल्यावर भाषेच्या पर्यायांत जटिल लिपीसाठी ‘मराठी’ निवडावी आणि देवनागरीचा फॉन्ट ठरवून द्यावा. रोमन व देवनागरी यांचे फॉन्ट तेथे वेगवेगळे ठरवावे लागतात. हे न केल्यामुळेच अक्षरांचा आकार कमी-जास्त दिसतो.

मायक्रोसॉफ्ट वर्डची जुनी, परवाना असलेली प्रत कार्यालयात असेल, तर तीही युनिकोड मराठी लिहिते. पण २००७, २०१०, २०१६ व २०१९ या आवृत्त्यांचा पाठिंबा आता संपलेला आहे. म्हणून अनोळखी व्यक्तीकडून आलेल्या फाइली तिच्यात उघडू नयेत. विनापरवाना प्रत मात्र शासकीय कार्यालयात व शाळेत मुळीच असू नये.

गुगल डॉक्ससारख्या सेवा ब्राउझरमध्ये चालतात आणि एकाच मसुद्यावर अनेकांना काम करता येते. तथापि, त्यांना अद्ययावत ब्राउझर व जाळे लागते. डोंगराळ पाड्यांवर पावसाळ्यात वीज आणि जाळे या दोहोंची शाश्वती नसते. तेव्हा गावाचे दप्तर केवळ अशा सेवेवर ठेवणे हिताचे नाही.

रॅम केवळ १ जीबी असेल, तर नोटपॅडमध्ये मजकूर लिहून मांडणी दुसऱ्या यंत्रावर करावी. येथे एक दक्षता हवी. विंडोज ७ मधील नोटपॅड मूळ सवयीनुसार एएनएसआय पद्धतीने फाइल साठवितो आणि मराठीच्या जागी प्रश्नचिन्हे उरतात. साठविताना यूटीएफ-८ हा पर्याय निवडावा. विंडोजमधील वर्डपॅडही साध्या पत्रांस पुरेसा होता, परंतु विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीतून तो काढून टाकण्यात आला आहे. म्हणून त्याची सवय लावून घेऊ नये.

संपूर्ण यंत्रच मंद असेल, तर लिनक्सचा विचार करता येईल. लिनक्स मिंटच्या एक्सएफसीई आवृत्तीस २ जीबी रॅम किमान लागते आणि लिबरऑफिस तिच्याबरोबरच येते. सी-डॅकने विकसित केलेली बॉस ही भारतीय लिनक्स प्रणालीही आहे. मात्र ज्या यंत्रावर डिजिटल स्वाक्षरीचे काम होते, त्यावर स्वाक्षरीचे साधन लिनक्समध्ये चालते याची खात्री झाल्याशिवाय बदल करू नये. शक्य असल्यास जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी. मंद यंत्राचा वेग त्यामुळे जितका वाढतो, तितका सॉफ्टवेअर बदलून क्वचितच वाढतो.

फाइल कोणत्या रूपात ठेवावी?

लिबरऑफिसचे ओडीटी हे स्वरूप २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारले गेले. त्यामुळे ते कोणा एका कंपनीवर अवलंबून नाही. कार्यालयाची मूळ प्रत त्यात ठेवावी. पंचायत समितीस किंवा प्रकल्प कार्यालयास डीओसीएक्स प्रत हवी असल्यास ती वेगळी काढून, एकदा उघडून पाहून पाठवावी. अंतिम मजकुराची पीडीएफ करावी. परंतु पीडीएफमधून मराठी मजकूर पुन्हा उचलताना पुष्कळदा काना-मात्रा विस्कटतात. म्हणून केवळ पीडीएफवर विसंबून मूळ फाइल पुसू नये.

जुन्या फॉन्टमधील फाइलींसाठी परिवर्तक मिळतात. त्यांनी केलेले रूपांतर छापील प्रतीशी ताडून पाहावे. नावे, गट क्रमांक व जोडाक्षरे विशेष काळजीने तपासावीत. सर्व फाइलींची एक प्रत यंत्राबाहेर, स्वतंत्र डिस्कवर असावी. जुन्या यंत्राचा शेवट पूर्वसूचना देऊन येत नाही.

कपाटात पडलेला लॅपटॉप बाहेर काढण्यापूर्वी एवढे केले, तर नव्या खरेदीची वाट न पाहता त्यावर काम सुरू होऊ शकेल. पाड्यावरील ग्रामस्थ ग्रामसभेत उभा राहून आपले म्हणणे मांडतो आणि ते लिहून घेतले गेले या विश्वासाने घरी जातो. त्याचे शब्द पुढे कोणी मागितले तर त्याच अक्षरांत, त्याच अर्थाने समोर ठेवता आले पाहिजेत. यंत्र जुने असले तरी चालेल, दप्तर मात्र वाचता आले पाहिजे.